निराधारांचे अनुदान आणि कायद्याचा आधार

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तिच्यातील उपहासही आता कुणाला बोचत नाही. जमिनीचा फेरफार असो वा घराचा नकाशा, सहा महिने थांबणे हा जणू सृष्टिक्रमच मानला जातो. परंतु ज्याच्यापाशी थांबण्यापुरतीही शिदोरी नाही, त्याने काय करावे? आणि थांबण्यासाठी लागणारे दोन धड पायही ज्याच्यापाशी नाहीत, त्याने कोणत्या रांगेत उभे राहावे? नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून सव्वीस तालुके आहेत. त्यांच्या तहसील कचेऱ्यांत संजय गांधी योजनेचे जे टेबल असते, त्याच्यासमोर हा प्रश्न रोज उभा राहतो. कुबड्या भिंतीला टेकवून बसलेली माणसे, अंध वडिलांचा हात धरून आलेली शाळकरी मुलगी, पाठुंगळीवर आणलेली म्हातारी हे दृश्य त्या कचेरीत कधीही गेलेल्या वाचकास अपरिचित नसेल.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. तिच्या जोडीला २००९ पासून केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आली. ऐंशी टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तीतून केंद्राचा वाटा म्हणून महिन्याला ३०० रुपये मिळतात. राज्याने निराधार योजनेचे अनुदान जुलै २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु अनुदान किती आहे एवढ्यावरच त्याचे मूल्य ठरत नाही. ते मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी काय मोजावे लागते, हेही पाहिले पाहिजे. अनुदान देणारी यंत्रणाच जेव्हा मनस्तापाचे कारण ठरते, तेव्हा दिव्यांग नागरिकाला कायद्याने कोणते मार्ग मोकळे ठेवले आहेत आणि ते कोठवर पोहोचतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हेलपाट्यांचा हिशेब

अर्थशास्त्रात व्यवहारखर्च नावाची एक संकल्पना आहे. वस्तूची किंमत वेगळी आणि ती पदरात पडेपर्यंत होणारा खर्च वेगळा. समजा, माहूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातील अंध व्यक्तीस प्रमाणपत्रासाठी दोनदा नांदेडला आणि अर्जासाठी चार वेळा तालुक्याच्या गावी जावे लागले. नांदेड तेथून शंभराहून अधिक किलोमीटरवर. सोबतीला माणूस हवाच. त्याची सहा दिवसांची मजुरी चारशे रुपयांप्रमाणे २,४०० रुपये बुडाली. एस. टी. ची सवलत जमेस धरूनही भाडे, चहापाणी आणि झेरॉक्स यांचे दिवसाला शंभर रुपये धरले, तर आणखी ६०० रुपये. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वीच तीन हजारांची गुंतवणूक झाली, आणि तीही बहुधा उसनवारीने. प्रकरण सहा महिने लांबले तर १५,००० रुपयांचे अनुदान लांबणीवर पडले. मंजुरीपूर्वीच्या महिन्यांची रक्कम मागाहून मिळेलच, याची शाश्वती नाही.

या हिशेबात मनस्तापाचा रकानाच नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रमाणपत्रावर टक्केवारी कमी पडली म्हणून झालेला अपमान, हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही म्हणून कागदोपत्री आलेले मरण, आधार क्रमांक खात्याला जोडला गेला नाही म्हणून न सांगता बंद पडलेले अनुदान, आणि ‘वरूनच पैसे आले नाहीत’ हे कुणालाही आणि केव्हाही देता येणारे उत्तर, यांची किंमत कोणत्या कोष्टकात मांडावी? उत्पन्नाच्या अटीचेही असेच. सर्वसाधारण निराधारासाठी ही मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती शिथिल केलेली असली, तरी मुळात मर्यादा इतकी खाली ठेवली की हातपाय हलवून चार दिवस मजुरी करणारा प्रत्येक गरीब सरकारदरबारी संशयित ठरतो. मग त्याला दाखला मिळतो तो हक्क म्हणून नव्हे, कुणाच्या तरी मेहेरबानीने. आणि मेहेरबानीने मिळालेली वस्तू मर्जी फिरताच परत जाऊ शकते, हे भय त्याच्या मनात कायमचे घर करते. पुष्कळ माणसे शेवटी ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ म्हणून घरी बसतात, आणि कचेरीच्या दप्तरात त्याची नोंद ‘अर्जदार स्वारस्य दाखवीत नाही’ अशी होऊ शकते.

उपकार की अधिकार?

मुळात हे अनुदान उपकार आहे की अधिकार, हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने थेट न्यायालयातून बजावता येत नाही, हे खरे. परंतु १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने चित्र बरेच पालटले. त्याच्या कलम ३ ने समानता आणि सन्मानाने जगण्याचा हक्क दिला. कलम २४ ने सामाजिक सुरक्षेच्या योजना आखण्याचे दायित्व शासनावर टाकले आणि इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान पंचवीस टक्के अधिक साहाय्य द्यावे, असेही स्पष्ट म्हटले. याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत, आणि त्यांच्या आडोशाला शासन उभे राहू शकते, हेही वाचकांनी जाणून असावे. मात्र एकदा योजना आखली, निकष ठरले आणि अर्जदार त्यांत बसला, की देणे न देणे ही कुणाच्या मर्जीची बाब उरत नाही.

शिक्षक आणि कारकून वाचकांना हे तत्त्व नवे वाटू नये. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निवृत्तिवेतन ही सरकारने खुशीने दिलेली बक्षिशी नव्हे, असा निर्वाळा दिला. म्हणूनच निवृत्त कर्मचारी हा दिवस ‘पेन्शनर्स डे’ म्हणून पाळतात. त्या खटल्यातील निवृत्तिवेतन केलेल्या सेवेचे होते आणि दिव्यांगाचे अनुदान कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, हा भेद कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पण माणसाची प्रतिष्ठा ही त्याच्या सेवापुस्तिकेवर अवलंबून नसते, एवढे तरी आपण मान्य करावयास हरकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धडधाकट झोपलेली कितीतरी माणसे ढिगाऱ्याखालून अपंग होऊन बाहेर आली. अपंगत्व ही ‘त्या’ लोकांची गोष्ट नव्हे, हे लातूरकरांना कुणी सांगावयास नको.

कागद आणि मुदत

आता उपायांकडे वळू. पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे लेखी अर्ज आणि त्याची पोच. कचेरीत तोंडी विचारलेल्या प्रश्नाला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नसते. अनुदान कोणत्या महिन्यापासून बंद आहे, पूर्वीचा अर्ज कोणत्या तारखेचा, आणि नाकारण्याचे वा थांबविण्याचे कारण लेखी कळवावे, एवढ्या तीन गोष्टी असलेला अर्ज आवक क्रमांकासह हाती असला, की पुढच्या सर्व पायऱ्या चढता येतात. चालू असलेले अनुदान पूर्वसूचना न देता व बाजू न ऐकता बंद करणे हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हे वाक्यही त्यात निःसंकोच लिहावे.

दुसरी पायरी माहितीच्या अधिकाराची. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४ अन्वये प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस सांगणे हे कचेरीचे कर्तव्यच आहे. माझे प्रकरण समितीपुढे कोणत्या तारखेस ठेवले, सध्या ते कोणापाशी आहे, कोणता शेरा मारला आहे, हे विचारता येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा. शुल्क दहा रुपये असून दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही माफ आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे. पुष्कळदा उत्तर देण्याऐवजी कचेरी प्रकरणच मार्गी लावते, आणि अर्जदारास त्याहून अधिक काही नकोच असते.

तिसरी पायरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ची. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास खात्यातच पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. कोणत्या सेवा अधिसूचित आहेत आणि त्यांची मुदत किती, याचा फलक प्रत्येक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. तो लागला आहे की नाही, हे पाहण्यापासूनच सुरुवात करावी.

प्रमाणपत्रातील टक्केवारीच अमान्य असेल, तर दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसास ‘समक्ष हजर व्हा’ असे फर्मावले जाते, तेव्हा याच कायद्यातील वाजवी सोयीचे तत्त्व पुढे करावे. अशी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव, अशी व्याख्याच कायद्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटविण्याच्या संगणकीय पद्धती दिव्यांगांना वापरता येतील अशा केल्या पाहिजेत, असे सांगून त्याबाबत वीस निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करून दाखविल्याखेरीज ओळख न मानणाऱ्या यंत्रापुढे अंध माणसाने काय करावे, हा प्रश्न त्यातूनच देशापुढे आला.

या साऱ्यांवर देखरेख करण्यासाठी पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. कलम ८० प्रमाणे ते तक्रारीवरून वा आपण होऊन चौकशी करू शकतात आणि चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करून कळविणे संबंधित कचेरीवर बंधनकारक आहे. शिफारस मानली नाही तर कारणेही द्यावी लागतात. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, ही तिची मर्यादा. परंतु कारण लेखी देण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळ कारणे आपोआप विरघळतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही घटनेपासून एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते.

कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपले परंपरागत शहाणपण. ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा आहे त्याच्यासाठी ते ठीकच आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत अजून पोहोचलेली नाही. नांदेड आणि लातूर येथील जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाची कार्यालये आहेत, तालुक्याच्या न्यायालयात समिती आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ साली सुरू झाल्यापासून मराठवाड्यातील माणसास मुंबई गाठावी लागत नाही. अनुच्छेद २२६ खाली तेथे रिट अर्ज करून ‘माझ्या अर्जावर अमुक मुदतीत निर्णय द्यावा’ एवढा साधा आदेश मागता येतो.

मग मनस्तापाची भरपाई मिळते काय? येथे मात्र वाट निसरडी आहे. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक संस्थेने केलेल्या छळाबद्दल व मानसिक क्लेशाबद्दल नागरिकास भरपाई मिळाली पाहिजे आणि तिचा भार करदात्यावर न टाकता जबाबदार अधिकाऱ्याकडून ती वसूल व्हावी, असे सांगितले. तत्त्व मोठे आहे. परंतु तो खटला ग्राहक कायद्याखालचा होता. अनुदान घेणारा निराधार कोणतेही मूल्य देत नाही, म्हणून तो ‘ग्राहक’ ठरत नाही आणि ग्राहक आयोगाचे दार त्याला सहसा उघडत नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्या मनस्तापाला किंमत आहे आणि ज्याच्यापाशी मोजायला पैसेच नाहीत त्याच्या मनस्तापाला नाही, असा हा विचित्र न्याय झाला. उच्च न्यायालय मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल भरपाई देऊ शकते, पण ती उघड आणि ठळक अन्याय असेल तेव्हाच. दिवाणी दावा लावावयाचा तर सामान्यतः सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि पुढे वर्षे जातात. चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करून दिव्यांगास पाणउतारा सोसावयास लावणे हा मात्र कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षे कैदेस पात्र गुन्हा आहे. प्रत्येक तुसड्या शब्दाला हे कलम लागत नाही. पण ‘नाटक करतोस’ असे रांगेसमोर म्हणणाऱ्यास ते ठाऊक असलेले बरे.

दुसरी बाजू

शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. खोटी प्रमाणपत्रे हा काल्पनिक बागुलबुवा नाही. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणाने तो साऱ्या देशात गाजला. खोटा लाभ उपटणारा हा खऱ्या दिव्यांगाच्याच ताटातले ओढतो, आणि कलम ९१ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. संजय गांधी शाखेतील कारकुनाची स्थितीही समजून घेतली पाहिजे: हजारो नस्त्या, अपुरी माणसे आणि वर चुकले तर वसुलीची टांगती तलवार. तेव्हा पडताळणी हवीच. प्रश्न इतकाच, की तिचा खर्च कोणी सोसावा. आज तो जवळजवळ सर्वच अर्जदाराच्या शिरावर आहे.

संशयाला यंत्राची जोड दिली म्हणजे काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने महागात शिकला. तेथे वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून संगणकाने लाखो लाभार्थींवर खोटी येणी काढली. पुढे ती बेकायदेशीर ठरली, २०२१ मध्ये न्यायालयाने सामूहिक दाव्यातील तडजोड मंजूर केली आणि २०२३ च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाने त्या योजनेचे वाभाडे काढले. श्रीमंत देशातील सुशिक्षित नागरिकही यंत्राच्या आरोपापुढे हतबल झाला. मग जळकोट वा हिमायतनगरच्या निरक्षर निराधाराने संगणकाशी कसा वाद घालावा?

विलंबाची किंमत

तात्पर्य असे, की अडलेले अनुदान सोडवून घेण्याचे मार्ग कायद्यात पुष्कळ आहेत, परंतु त्या अडवणुकीची किंमत पीडिताच्या हाती देणारा सोपा मार्ग नाही. लोकसेवा हक्क कायद्यातील शास्ती आणि माहिती अधिकारातील दंड सरकारजमा होतो. ज्याचे हेलपाटे झाले त्याच्या हाती त्यातील छदामही लागत नाही. उलट आयकराचा परतावा उशिरा आला, तर करदात्यास महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते. म्हणजे विलंबाला किंमत असते हे शासनास मान्य आहे. फक्त ती कोणाला द्यावयाची, याबाबत त्याची दृष्टी वेगळी आहे.

उदगीर-देगलूरच्या सीमेपलीकडे बीदर जिल्हा लागतो. त्या कर्नाटक राज्याने २०११ च्या ‘सकाल’ कायद्यात विलंबाच्या प्रत्येक दिवसाला वीस रुपये, कमाल पाचशे रुपये, थेट अर्जदारास देण्याची आणि ते अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल करण्याची तरतूद केली. रक्कम क्षुल्लक आहे, हे कबूल. पण तत्त्व क्षुल्लक नाही. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग काढला. त्याच राज्याने अनुदानाच्या मंजुरीची मुदत निश्चित करावी, मुदत टळताच प्रतिदिन भरपाई आपोआप खात्यावर जमा व्हावी, आणि चालू अनुदान बंद करण्यापूर्वी घरी येऊन पडताळणी करण्याचे दायित्व कचेरीवर टाकावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. विलंब फुकट असेतोवर तो होतच राहणार, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

तोपर्यंत एक काम आपल्या हाती आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर एक कागद लागतो आणि तो लिहिता येणारा माणूस लागतो. गावातील शिक्षक, कचेरीची भाषा जाणणारा कारकून आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांच्यापाशी ते बळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबरच एक सकाळ अर्ज लिहिण्यासाठी ठेवावयास काय हरकत आहे? आपल्या गल्लीतील ज्या माणसाचे अनुदान कारण न सांगता बंद पडले आहे, त्याच्यासाठी तीन वाक्यांचा अर्ज लिहावा, तो घेऊन त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जावे आणि आवक क्रमांक पडल्याखेरीज परतू नये.